वळणाईची शीव

सुग्रीवनं नकाशा भुईवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले आन म्हनला, "माय, जपून. पाय टाकू नको. सरहद्द हाय." तुळजाबाईच्या हातात पान्याचा तांब्या व्हता. आपल्याच घरात, आपल्याच हातानं सारवलेल्या भुईवर सरहद्द आली म्हनून तिला हासू आलं. उंबऱ्याकडं निजामसरकार आसंल तर चुलीकडं इंग्रज ऱ्हातो का काय, आन भाकरी करताना त्याचा हुकूम घ्यावा लागंल का, आसं इचारायचं तिच्या व्हटावर आलतं. तेवढ्यात सुग्रीवनं बोट टेकवलं. "ही बग आपली कुसळवाडी. इथवर मोगलाई. पलीकडं भोकरठाण, ते इंग्रजाचं. आन ही शीव बग. कशी सुतात आली, हितं येऊन एकदम वाकली, वाकडं कडं घेतलं आन पुन्हा सुतात गेली. ना वढा, ना टेकडी. कचेरीत ज्यो त्यो इचारतो, हितं कावून वाकली आसंल बे?" तुळजाबाईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. साठीला टेकलेल्या बाईच्या कानाच्या पाळ्या, आन गरम झाल्या निस्त्या एका रेघेनं. सुग्रीव आपलाच हासला. "मी सांगितलं त्यास्नी, आमच्या वळणाईचं ठान हाय तिथं. हे बग, लिव्हलंय." त्यानं उर्दूत लिव्हलं व्हतं. तिला ना उर्दू वाचता येत व्हतं ना मराठी, पर त्या अक्षराची वळणं तिला मुंग्या निघाल्यावानी दिसली, आन त्या मुंग्या तिच्याच अंगावर चढत्याल आसं वाटून तिनं पदर गच्च धरला.

तसं म्हनाल तर तुळजाबाई लाजनारी बाई नव्हती. बीडला ऱ्हायला आल्यापसून बिंदुसरेच्या घाटावर धुनं आपटता आपटता तिनं काय काय सांगितलं व्हतं. एका पुरात वरून हत्ती वहात आलता आन आपुन त्याला शेपटीला धरून काठाला वढला, मंग त्यो हत्ती म्हैनाभर आपल्या अंगनात बांधला व्हता आन रोज एक पाटी भाकरी खायचा. बायका म्हनायच्या, मावशे, शेपटी कशी निसटली न्हाई? ती म्हनायची, राख लावली व्हती हाताला, मासा धरताना लावत्यात तशी. समदा घाट हासायचा. खोटं बोलल्याचं तिला कदी काई वाटलं न्हाई, कारन ऐकनाराबी ते खोटंच म्हनून ऐकत व्हता. एकच खोटं आसं निघालं की ज्याच्यावर लोकांनी शेंदूर लावला. आन आता सरकारनं ते नकाशावर उतरवलं.

"आजून पेन्शिलीनं हाय," सुग्रीव सांगत व्हता, "उद्या मोजनीचा अमीनसाब समद्यांचं ऐकून घेनार, मंग शाई. बबनदादाबी येनार हाय. ठानाभवतीची जिमीन देवीच्या नावानं लावून घ्यायची म्हनतो." बबनराव म्हंजे तिच्या थोरल्या दिराचा लेक, आता कुसळवाडीचा पाटील. तुळजाबाई म्हनली, "ठानाभवती कुटली देवीची जिमीन? ते तर सटवाचं रान हाय." सुग्रीव पट्टी पुसत म्हनला, "व्हय, महारकीचं इनाम. तेच. दादा म्हनतो, देवीच्या इतक्या जवळ त्याचा नांगर फिरतो, इटाळ व्हतो. सटवालाबी बलावलंय. त्याला कुटं तरी माळावर दुसरं देत्याल." माळावर. तुळजाबाईला त्यो माळ ठावा व्हता. तिथं कुसळबी नीट उगवत न्हाई. सटवाचं ते टीचभर काळं रान, त्याच्यावर त्याच्या घरची सात-आठ तोंडं. पेन्शिलीच्या टिंबांनी सुग्रीवनं त्याला येढा घातला व्हता. एक एक टिंब बारीक, तिळावानी, निगुतीनं काढलेलं. लेकाचा हात लई साफ व्हता. तिलाच त्याचं कवतिक व्हतं.

ती शीव वाकली तव्हा तुळजाबाई नवी नवरी व्हती, लुगडं सावरायचं कळत नव्हतं आन खायचं मातर लई कळत व्हतं. मागल्या निजामाच्या वक्ताची गोष्ट. दोन सरकारांनी शिवेवर दगड रोवलेले, त्यातले कुनी घराच्या पायाला नेले, कुनी गोठ्यात टाकले. तिच्या सासूचा धुन्याचा दगडसुदिक सरकारीच व्हता, त्याच्या पाठीवर आकडा कोरलेला, आन त्याच्यावर लुगडी लई उजळ निघायची. मंग मोजनीवाले आले तव्हा शीव कुटं हाय ते कुनालाच सांगता येईना. ह्या गावचे म्हनायचे बाभळीच्या पलीकडं, त्या गावचे म्हनायचे आलीकडं. दोन्ही गावांच्या पंचांनी ठरवलं, जुन्या रिवाजानं करायचं. शीव चालवायची. म्हंजे आसं की एक मानूस दोन्ही गावांनी कबूल करायचा, त्यानं उपाशी ऱ्हायाचं, आंघूळ करून वल्या धोतरानं त्या भांडनातल्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आन चालू लागायचं. त्यानं बोलायचं न्हाई, मागं बगायचं न्हाई, त्याला कुनी थांबवायचं न्हाई, वाट दावायची न्हाई. डोक्यावर जिमीन हाय, ती खोटं चालू देनार न्हाई, म्हनून त्याचा पाय पडंल तीच शीव. मागनं मोजनीवाले लोखंडी साखळी वढत, झेंड्या रोवत येनार. त्या कामाला म्हारवाड्यातला सटवा निवडला. पंचवीस-तीस वर्साचा आसंल. मान ताठ. त्याच्या डोक्यावरनं ढेकूळ पडनार न्हाई ह्याच्यावर दोन्ही गावं एक झाली, तेवढ्यापुरती.

सासूनं सांगितलं व्हतं, आज एकीनंबी भाईर पडायचं न्हाई, समदं बापय मानूस रानात हाय. पर आदल्या दिशी हुरडा झालता. तुळजाबाईनं हुरडा खाल्ला, वर गूळ खाल्ला, वर ताक प्याली, आन सासू निजल्यावर पुन्हा हुरडा खाल्ला. पोटाला सरहद्द कळत न्हाई. सकाळी ऊन चढल्यावर तिच्या पोटात आशी कळ आली की भित्ती धरून उभी ऱ्हायली, आन मंग मागल्या दारानं तांब्या घेऊन निघाली ती तरवडाच्या जाळीपसवर पळतच गेली. ती बसली. आजबी तिला त्या तरवडाच्या फुलाचा पिवळा रंग दिसायचा, पायाखालची गरम माती, पोटऱ्यावर आलेला घाम, आन लांबनं साखळीचा खळ्ळ खळ्ळ आवाज. तिला वाटलं बैलाची हाय. मान वर केली तव्हा पुढ्यात, धा-बारा हातावर, वल्या धोतरातला सटवा उभा व्हता. डोक्यावर काळं ढेकूळ. ढेकळाचं पानी कपाळावरनं वघळत व्हतं. त्यानं बगितलं. तिनं बगितलं. उठावं तर लुगडं कमरंला, बसावं तर मानूस समोर. त्याच्या डोळ्यात काय व्हतं ते तिला कळलं न्हाई, कारन त्यानं डोळे खाली घातले आन उजव्या अंगाला वळला, आपल्याच गावाच्या रानातून, जाळीला लांबनं कडं घालून पुन्हा आपल्या वाटंला लागला. मागनं साखळी आली, झेंड्या आल्या, दोन्ही गावं आली, आन जाळीला कडं घालून निघून गेली. मदी तरवड लई दाट व्हता. कुनालाच ती दिसली न्हाई. ती तिथंच बसून ऱ्हायली, दोन सरकारांच्या बरोब्बर शिवेवर, तोंडात पदराचा बोळा घालून.

सांजच्याला गाव पेटलं. कुसळवाडीचं वावरभर रान आन तीन बाभळी त्या वळनानं पलीकडं गेल्या व्हत्या. वावराचं येवढं न्हाई, पर भोकरठाणवाले चावडीम्होरं हासून गेले. सटवाला इचारलं, कावून वळलास? तो गप. भोकरठाणच्या पाटलानं काय दिलं? तो गप. पायाला काटा रुतला व्हता का? तो गप. दोन दिसांनी त्याची शेळी मेली, मंग तर पुरावाच झाला, जिमिनीनं खोट्याला शिक्षा केली. त्याचं रान काढून घ्यायचं आन त्याला गावाभाईर घालवायचं, आसं चावडीवर बोलनं चाललं, आन ते बोलनं घरात जेवताना सासऱ्यानं सासूला सांगितलं. तुळजाबाई ताटात वाढत व्हती. तिला सांगता आलं आसतं. पर काय सांगायचं, कोनच्या तोंडानं, आन सांगितल्यावर सटवाचं काय झालं आसतं? पाटलाची सून तशी बसलेली आन सटवानं बगितली, ह्याच्यापरीस शेळी मेलेली बरी. म्हनून तिनं सासूच्या कानात हळूच सांगितलं, मी घराच्या धाब्यावर मिरच्या वाळू घालत व्हते, मला दिसलं. तिथं तरवडाच्या जाळीत एक बाई उभी व्हती. सासू म्हनली, कसली बाई? हिरव्या लुगड्यातली. कपाळाला मळवट व्हता का? व्हता. हातात परडी? तुळजाबाईनं जरा इचार केला आन म्हनली, परडी व्हती, पर पालथी. आन सटवानं डोक्यावर ढेकूळ म्हनून वाकता आलं न्हाई, तर डोळं खाली घातलं आन देवीला वळसा घालून गेला. एवढंच खरं व्हतं त्यातलं, डोळं खाली घातलं ते. सकाळपतुर गावातल्या चार बायकांना ती देवी दिसली व्हती, एकीला तर ती बोललीबी व्हती. गुरवानं तिथला एक धोंडा उचलून उभा केला, शेंदूर फासला. वळणाई. सटवाला कुनी पुन्हा काई इचारलं न्हाई. त्याचं रान ऱ्हायलं. तुळजाबाईला वाटलं, फिटंफाट झाली. त्यानं माझी लाज राखली, मी त्याचं रान राखलं.

पर देवी झाली म्हनल्यावर देवीचं समदं आलं. नवरातीला निवद, पोरीबाळींच्या वट्या, लेकरांची जावळं. आन सटवानं तिथं यायचं न्हाई, देवीला चालत न्हाई. ज्याला पयल्यांदा दिसली म्हनत्यात त्यानंच बाभळीच्या आडून, लांबनं हात जोडायचे. तुळजाबाई वरसाच्या वरसाला वटी घेऊन जायची. सासूबरूबर, जावांबरूबर. जिथं ती बसली व्हती तिथं नाक घासायची आन मनात म्हनायची, धरनीमाय फाट. वर मान केली की बाभळीआड त्यो दिसायचा, हात जोडलेला, खाली बगत. त्याला ठावं व्हतं तो कशाला हात जोडतोय. तिला ठावं व्हतं त्याला ठावं हाय. समद्या जगात ह्या दोघांनाच ती देवी काय हाय ते म्हाईत व्हतं, आन दोघं एका शब्दानं कदी बोलली न्हाईत. तिचा मालक गेला, सुग्रीव बीडाला कचेरीत लागला, ती त्याच्यामागं आली, तव्हा तिला वाटलं सुटले. हितं कंकाळेश्वराच्या पायऱ्यावर डोकं ठेवताना कसं बरं वाटायचं. त्यो देव तरी कुनी दुसऱ्यानं केलेला व्हता.

सकाळी सुग्रीव नकाशा गुंडाळून गेला. ती भाकरीचं फडकं बांधून त्याच्या मागं निघाली, फडकं निस्तं निमित्त. रस्त्यानं टांगे चालले व्हते, आत्तारांच्या दुकानातनं वास येत व्हता, वळखीची एक बाई म्हनली, मावशे, हत्तीचं काय झालं मंग? तुळजाबाई म्हनली, मेला. आन पुढं चालली. सांगायचं हाय, तिनं मनाशी घोळवलं. म्हातारी झाले, आता कुनाला काय त्याचं. नवी नवरी तव्हा व्हती, आता काय, सुकलेलं भोपळं. पर जशी कचेरीची कमान आली तशी तिच्या पोटात तीच कळ आली, हुरड्याची, आन तिला कळलं की त्या कळंला वय न्हाई.

वसरीत अमीनसाब तक्क्याला टेकून बसलेला, म्होरं नकाशा. बाकड्यावर बबनराव, जरीकाठी उपरनं, मिशांना तेल. सुग्रीव दौत घेऊन बसलेला. आन खाली, पायऱ्यांच्या खाली, उनात, सटवा उभा. केस पांढरे, मान मातर तशीच ताठ, जनू ढेकूळ आजून उतरवलं न्हाई. तुळजाबाई वसरीत चढली तसा बबनराव म्हनला, "काकू, हितं कशाला आलीस? भाकर दे आन जा." तिनं फडकं खाली ठेवलं. "अमीनसाब, मला सांगायचं हाय. त्या जागंवर देवी न्हाई."

अमीनसाबनं पान एका गालातून दुसऱ्या गालात केलं. "देवी नहीं तो क्या है, अम्मा?"

"मी व्हते."

"तू व्हतीस म्हंजे?" बबनराव म्हनला.

"म्हंजे मी बसले व्हते तिथं. पोट बिघडलं व्हतं. हुरडा लई खाल्ला व्हता. ह्यो सटवा शीव चालत आला, त्यानं मला बगितलं आन वळला. तेवढंच. देवी मी केली. त्याचं रान त्याला ऱ्हाऊ द्या."

मंग बबनराव हासला. आधी नाकातून, मंग पोटातून. कारकून हासले. अमीनसाबनं पिकदानी वढली, त्याला ठसका लागला. "साब," बबनराव डोळे पुसत म्हनला, "आमच्या काकूच्या गोष्टी समद्या बीडाला म्हाईत हायत. हिनं बिंदुसरेत हत्ती धरलाय, शेपटीला. इचारा की." अमीनसाब म्हनला, "हाथी की बात तो हमारे घर में भी सुनी है." पुन्हा हासू. तुळजाबाईनं सुग्रीवकडं बगितलं. तो दौतीच्या बुचाकडं बगत व्हता, आन त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या व्हत्या. तिच्यावरच गेला व्हता तो, कानानं.

"इचारा त्याला," ती म्हनली. "सटवाला इचारा. त्यो खोटं सांगनार न्हाई."

अमीनसाब जरा पुढं वाकला. "क्यूं रे सटवा, बाई म्हनती ते खरं?"

सटवानं वर बगितलं न्हाई. तुळजाबाईला वाटलं, आता. आता बोल रे बाबा. तुजी पोरंसोरं हायत, तुजं रान हाय, माजी लाज गेली चुलीत, मीच टाकली तिला, तुला काय भ्याव? पर तिच्या बाजूला बाकड्यावर बबनराव बसला व्हता, कुसळवाडीचा पाटील, हासनं थांबलेला, मिशीवरनं बोट फिरवत. सटवानं त्याच्या पायातल्या जोड्याकडं बगितलं, मंग भुईकडं.

"न्हाई मायबाप," तो म्हनला. "पाटलीनबाईचं वय झालं. देवीच व्हती. हिरवं लुगडं व्हतं. मळवट व्हता. हातात परडी व्हती."

"पालथी?" तुळजाबाईच्या तोंडून गेलं.

"व्हय माय," सटवा म्हनला. "पालथी."

सुग्रीवनं टाक दौतीत बुडवला. टिंबावरनं रेघ चालली, निगुतीनं, साफ. तिला त्याच्या हाताचं कवतिक व्हतं.

ती पायऱ्या उतरली. भाकरीचं फडकं वरच ऱ्हायलं. आंगनात ऊन आसं व्हतं की धुळीवरनं नजर घसरत व्हती. दुसऱ्यांदा, ती मनाशी म्हनत व्हती, दुसऱ्यांदा त्यानं माजी लाज राखली, रान घालवलं आन लाज राखली, एवढा भला मानूस, मी त्याच्या पाया पडाया पायजे. आधीच भाईर पडलेला सटवा कमानीकडून परत समोर येत व्हता, बहुतेक काठी इसरली व्हती भित्तीला. वाट एकच, सरळ. ती थांबली. त्याला काई तरी सांगायचं व्हतं, काय ते तिला ठावं नव्हतं. धा-बारा हातावर त्यानं तिला बगितलं. डोळे खाली घातले. आन उजव्या अंगाला वळला, सावली तिच्यावर पडू नये म्हनून लांबनं कडं घालून, पुन्हा वाटंला लागून, काठीकडं गेला. त्याच्या चालीत ना घाई व्हती ना लाज. लुगडं तिच्या घोट्यापतुर व्हतं. ती उभी व्हती. भर दिवसा, कचेरीच्या आंगनात, पांढऱ्या केसाची, आब्रूनं उभी.

ती बगत ऱ्हायली. जल्मभर तो आसाच वळत आलता. तिला बगून, तिच्या सासूला बगून, पान्याला निघालेल्या कुनाबी पाटलाच्या लेकीसुनांना बगून, रोज, कुटल्याबी वाटंवर. त्या दिशी ती तरवडात बसली आसती काय, फुलं तोडत उभी आसती काय, त्याच्या पायाला काई फरक पडला नसता. तिनंच त्याला भला केलं, जशी तिनं देवी केली. काठी घेऊन तो आल्या वाटंनं परत निघाला, आन तिच्याजवळ आल्यावर पुन्हा वळला. धुळीत त्याच्या अनवानी पावलांची वळ उमटली व्हती. सुतात आलेली, मदीच वाकलेली, वाकडं कडं घेतलेली, आन पुन्हा सुतात गेलेली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पर नकाशा तिला वाचता आला.